टंगस्टनचा टणत्कार

सोलापूर शहर, तालुका आणि विशेषेकरून करकंब गाव येथील समस्त आबालवृद्धांस या अंकाच्या द्वारे अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, क्ष-किरणांनी क्षय होत नाही. पूर्वी कधी झाला नाही, आज होत नाही व पुढेही होण्याचा संभव नाही. सदर किरण धातूपासून निघतात, माणसापासून निघत नाहीत. याउपर कोणास शंका राहिल्यास त्यास अंधाऱ्या खोलीत बसवून भांडी वाजवून दाखविण्यात येतील.

हसू नका. ही भांडी मी खरोखर वाजवली आहेत, आणि ती वाजवली म्हणून एका मुलीचं मोडलेलं लग्न पुन्हा जुळलं.

डॉक्टरांकडे येण्यापूर्वी मी एका नाटक मंडळीत बत्त्या सांभाळत असे. राजाला शोक झाला की निळी काच, राणीला राग आला की तांबडी, आणि दोघंही पाठ विसरले की संपूर्ण अंधार. मंडळी सोलापूरच्या मुक्कामात बुडाली, नट आपापल्या गावी गेले आणि मी इथेच राहिलो. तेवढ्यात मंगळवार पेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी विलायतेहून क्ष-किरणांचं यंत्र मागवलं. त्यांना विजेला न भिणारा माणूस हवा होता. मी विजेला मुळीच भीत नसे, कारण मला तिच्याविषयी काहीच माहिती नव्हती. ती पुढे झाली, तेव्हा भिऊ लागलो. पण तोवर नोकरी कायम झाली होती. 'बत्तीमास्तर' हे नाव मात्र नाटकातून माझ्याबरोबर दवाखान्यात आलं ते आजतागायत.

लोक आमच्याकडे 'फोटू काढायला' येत. एक गृहस्थ पोटाच्या फोटोसाठी जरीचं पागोटं, उपरणं आणि सोबत कुटुंब घेऊन आले होते. मी फोटोची काच धुऊन, वाळवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि दुखावलेल्या आवाजात विचारलं, "यात पागोटं कुठं आहे?" एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. त्याच्या काळजात दुसरी कोणी बसली आहे का एवढंच त्यांना बघायचं होतं. नवरा बिचारा यंत्राकडे बघून घामाघूम झालेला. यंत्र तितकं पोचलेलं नाही असं मी सांगितलं, तेव्हा दोघांपैकी जास्त आनंद कोणाला झाला ते सांगायला नको.

यंत्र म्हणजे मुख्यतः एक काचेची नळी, दुधी भोपळ्याएवढी. आतली हवा काढून टाकलेली. एका टोकाला दिव्यात असते तशी बारीक तार. ती तापली की तिच्यातून विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सुटून भोवती घुटमळू लागतात. दुसऱ्या टोकाला तांब्याचा जाड दांडा, त्याचं तोंड तिरकं कापलेलं, आणि त्या तोंडावर टंगस्टन नावाच्या कठीण धातूचा तुकडा बसवलेला. त्या तुकड्याला आम्ही 'टारगेट' म्हणत असू. मराठीत, मार खाणारा. दोन्ही टोकांना जबरदस्त दाबाची वीज जोडली की घुटमळणारे कण वेडे होऊन समोर धावतात आणि टंगस्टनवर जाऊन आदळतात. माराचा बहुतेक भाग त्याला नुसता तापवण्यात फुकट जातो. म्हणून टंगस्टन, कारण तो सहजी वितळत नाही. आणि म्हणून मागे तांबं, कारण ते उष्णता भराभर ओढून नेतं. उरलेल्या चिमूटभर माराचे किरण होतात आणि ते काच भेदून बाहेर पडतात. त्या चिमटीवर आमचा दवाखाना चालत होता.

आता पाटीची गोष्ट.

आमच्या डॉक्टरांना मराठीचा मोठा अभिमान. बाकीचे 'एक्स-रे' म्हणत; यांनी खोलीवर 'क्ष-किरण' अशी पाटी लावायचं ठरवलं. पाटी रंगवायला मी माझा जुना दोस्त रंगय्या याला बोलावलं. हा आमच्या मंडळीचे पडदे रंगवायचा. घरी तेलुगू बोलणारा, मराठी वाचणारा आणि दोन्हींत स्वतःला पंडित समजणारा. त्यानं निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं अशी काही घातली, वर दोन्ही बाजूंना कमळं काढली, की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघे. पाटीवर लिहिलं होतं: 'क्षयकिरण'.

डॉक्टर मागच्या दारानं ये-जा करत, ते स्वतःची पाटी कशाला वाचतात? आणि मी अंधारात काम करणारा माणूस. बाहेर आलो की डोळे मिचकावत कमळंच बघायचो. पुढे बोभाटा झाल्यावर रंगय्याला बोलावलं, तर तो उलट माझ्यावरच उखडला.

"मास्तर, डॉक्टरनी कागदावर नुसता 'क्ष' लिहिला होता. 'क्ष' म्हणजे काय? काय नाही! घाईत 'य' राहिला त्यांचा. मी घातला. डॉक्टरचा अडाणीपणा मी रस्त्यावर कसा लावू, सांगा की!"

बोभाटा झाला तो असा. आमच्याच पेठेत गणपतशेटांचं भांड्यांचं दुकान. त्यांची मुलगी यमुना, सातवीपर्यंत शिकलेली, तिच्या मनगटावर फळीवरचा हंडा पडला. मनगट सुजलं. डॉक्टरांनी फोटो काढला, हाड शाबूत होतं, मी फडक्याची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि मुलगी बापाबरोबर बाहेर पडली. नेमक्या त्याच वेळी समोरून करकंबच्या आक्का चालल्या होत्या. करकंबचे बापूशेट हेही भांड्यांचे व्यापारी. त्यांच्या मुलाशी, नारायणाशी, यमुनेचं लग्न ठरलेलं. आक्का म्हणजे बापूशेटांची थोरली बहीण, घरातलं सुप्रीम कोर्ट. आक्कांना अक्षरं जोडून जोडून वाचता येत. त्यांनी भर रस्त्यात उभं राहून पाटी जोडली. क्ष. य. कि. र. ण. मग खालून बाहेर पडणारी होणारी सून पाहिली, आणि बाजारहाट तसाच टाकून त्या करकंबला परत गेल्या.

चार दिवसांनी गणपतशेट आमच्या दारात उभे. चेहरा असा की मी आधी त्यांनाच टेबलावर आडवं करायला निघालो.

"डॉक्टर, तुमच्या पाटीनं माझी पोर मारली," ते म्हणाले. "क्षयाची म्हणून सोयरीक मोडली. आज करकंब म्हणतंय, उद्या सगळी जात म्हणेल. आता तिच्या दारात कोण येणार?"

डॉक्टर पुढच्या दारानं बाहेर गेले, मान वर करून पाटी वाचली, आणि आत येऊन मटकन बसले. पाटी त्याच घटकेला उतरली. पण पाटी उतरवून बोलणं उतरत नाही. शेवटी बापूशेट मालाच्या खरेदीला सोलापुरात आले, तेव्हा गणपतशेटांनी हातापाया पडून त्यांना दवाखान्यात आणलं. बापूशेट, आक्का आणि नारायण; यमुना बापाबरोबर आधीच आलेली. बापूशेटांच्या खांद्यावर नव्या भांड्यांचं पोतं होतं, ते त्यांनी व्हरांड्यात ठेवायला साफ नकार दिला. "दवाखान्यात लोक जीव सोडून जात्यात, भांडी कोन सोडंल?"

पाटीचा घोटाळा त्यांना समजला. ते हसलेही. पण लगेच गंभीर झाले.

"पाटी चुकली आसंल. पर यंतर? ह्या खोलीत क्षयाची मानसं येत्यात का न्हाय?"

"येतात," डॉक्टर म्हणाले.

"त्यास्नी त्याच यंतराखाली घालता. त्यांच्यातनं किरन काडता. मग त्याच यंतराखाली आमची सून. एका घंगाळात साऱ्या गावानं हात धुतल्यावानी झालं की!"

डॉक्टर समजावू लागले. त्यांच्या बोलण्यात मराठीचा अभिमान फार वेळ टिकला नाही. कॅथोड आला, ॲनोड आला, व्होल्टेज आलं. तेवढ्यात आक्कांची नजर माझ्या हातांवर गेली.

"ह्या बाबाची बोटं बगा आदी."

सगळ्यांनी बघितली. मीही बघितली. नळी नीट चालते का हे पाहायला त्या काळी आम्ही आपलाच हात किरणांत धरून पडद्यावर हाडं बघत असू. रोज. बोटांची कातडी सुकून चिरली होती, नखांवर रेघा उठल्या होत्या. मला तबल्याचा नाद होता, तो त्या बोटांनी सुटला. आजही हिवाळ्यात बाटलीतून पेनात शाई भरताना दुखतात. पण त्या क्षणी खोटं बोलून चालणार नव्हतं.

"ही किरणांनीच झाली, आक्का," मी म्हणालो. "चुलीत रोज हात घातला तर भाजणारच. पण तो भाजल्याचा डाग आहे. क्षय नव्हे."

आक्का तोंड मुरडून बसल्या. पण उठूनही गेल्या नाहीत. डॉक्टरांनी संधी साधली. "तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मुलीची छाती पडद्यावर दाखवतो."

आता पडद्यावर बघायचं म्हणजे काय, तेही सांगतो. किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते माणसाच्या छातीतून पार होऊन एका खास पडद्यावर पडले की पडदा हिरवट उजळतो. हाडं अडवतात तिथे काळोख, फुफ्फुसं सोडतात तिथे उजेड. पण तो उजेड इतका मंद, की उन्हातून आलेल्या माणसाला काही म्हणता काही दिसत नाही. आधी अंधारात बसून डोळे सरावावे लागतात. डॉक्टर लाल काचांचा चष्मा लावून बाहेर रोगी तपासत बसत, म्हणजे त्यांचे डोळे आपोआप तयार होत. भुतासारखे दिसत, पण वेळ वाचे. बाकीच्यांना माझ्या स्वाधीन करत.

तर अशी दोन्ही घरं, मोडलेल्या सोयरिकीसकट, मी खोलीत घेतली, काळे पडदे ओढले आणि दिवा घालवला. हा अंधार मला नाटकापासून माहीत. त्यात माणसं उजेडापेक्षा खरं बोलतात.

"आक्का, कुटं हाईस?"

"हितंच. माज्या पायावर कोन पाय देतंय?"

"मी, गणपत. चुकून हो!"

"सोयरीक मोडल्यावर पाया पडतासा व्हय?"

"दोन्ही पायांवर पडतो की, आक्का. दुसरा कुठं आहे?"

अंधारात कोणीतरी फिसकन हसलं. तरुण आवाज होता. मी ठरवलं, हीच वेळ.

"बापूशेट, किरण कुठून येतात ते सांगू? धातूचा एकेक अणू म्हणजे एक नाटकगृह समजा. मधोमध रंगमंच, भोवती खुर्च्यांच्या रांगा. खुर्च्यांत बसलेत इलेक्ट्रॉन. बाहेरून एक दांडगा इलेक्ट्रॉन धावत येतो आणि अगदी पहिल्या रांगेतल्याला खुर्चीसकट उडवून देतो."

"का?"

"त्याचा स्वभाव. पहिल्या रांगेतली जागा रिकामी दिसताच मागच्या रांगेतला एकजण तीत उडी मारतो. त्या उडीसरशी जो किरण निघतो, तो त्या धातूचा स्वतःचा किरण. प्रत्येक धातूच्या रांगांची उंची वेगळी, म्हणून उडी वेगळी, म्हणून किरण वेगळा."

बापूशेट विचार करत होते. अंधारात त्यांचा विचार ऐकू येत होता.

"ज्येला उडिवला, त्यो तिकिटाचं पैसं परत मागंना व्हय?"

माझं नाटकगृह तिथेच कोसळलं. मी हात पुढे केला तो पोत्याला लागला. आतलं एक भांडं काढलं, खिशातली किल्ली घेतली आणि मारली. टण्ण!

"तांबं," बापूशेट ताबडतोब म्हणाले. "माजी घागर हाय ती. हळू मारा."

दुसरं काढलं.

"पितळ. काठाला चीर दिसतीया. गणपतशेट, तुमच्याच दुकानातली का ही?"

"बदलून देतो," अंधारातून गणपतशेट.

तिसऱ्याचा नाद घुमत राहिला. "काशाची वाटी." चौथ्याला किल्ली लागली आणि नुसतं ठक झालं. बापूशेट खवळले. "आल्मिन! त्ये माजं न्हवं! येका दलालानं नमुना म्हनून गळ्यात घातलंय. म्या मरंन, पर आल्मिन इकनार न्हाय."

"ॲल्युमिनियम! न बघता ओळखलंत?"

"आवाज ज्येचा त्येचा आसतोय की."

"मी मारलं म्हणून आवाज माझा झाला का?"

"तुमचा कसा? भांड्याचा."

"आक्कांनी मारलं असतं तर?"

"लई जोरात मारलं आसतं. पर आवाज भांड्याचाच."

"झालं तर मग! आमच्या नळीत कण आदळतात ती किल्ली, टंगस्टन ते भांडं. किल्ली घसरली, अडखळली की नुसता खडखडाट होतो; कण धातूत अडखळून थांबतात त्याचेही तसे सरमिसळ किरण निघतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचीच गर्दी जास्त. पण मार पुरेसा जोरात बसला की त्या गर्दीतून टंगस्टनचा स्वतःचा सूर वाजतो. नखानं टिचकी मारली तर वाजत नाही. भांड्याचा आवाज आकारानंही बदलतो, इथे तेही नाही. तुकडा एवढा असो की तेवढा, टंगस्टन तो टंगस्टनच वाजणार. त्यात रोगी कुठं आला? किरण त्याच्यातून पार होऊन पुढे पडद्यावर जातात, नळीत परत येत नाहीत. घागर वाजवली आणि दुकानात कोणी खोकत असला, तर त्याचा खोकला घागरीला चिकटतो का?"

अंधारात घागर पुन्हा एकदा वाजली. मग बापूशेट म्हणाले, "ह्ये टंगस्टनचं भांडं मिळंल का कुटं?"

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण आक्का अंधारातही आक्काच होत्या. "किरनाचं पटलं. पर पोरीच्या छातीत आदीपास्नं आसंल तर?"

तेवढ्यात डॉक्टर लाल चष्मा कपाळावर चढवत आत आले. मी वीज सोडली. यंत्र चरचरलं, पाऊस पडून गेल्यावर येतो तसा विजेचा वास सुटला आणि पडदा हिरवा झाला. खात्रीसाठी मी आधी बापूशेटांची दोन भांडी पडद्यामागे धरली; या खेपेला लांब चिमट्यानं. तांब्याची घागर काळीकुट्ट दिसली. आल्मिनच्या भांड्यातून पलीकडचा चिमटा आरपार दिसत होता.

"आक्का! आल्मिन बग!" बापूशेट ओरडले. "पार दिसतंय त्येच्यातनं! तरी म्या साऱ्या बाजारात बोंबलून सांगत हुतो, त्येच्यात दम न्हाय! अवो डाक्टर, यंतर लई खरं हाय हो तुमचं!"

अशा रीतीनं शास्त्राचा विजय झाला. मग यमुना उभी राहिली, लुगड्यासकट, पडद्यामागे. आक्का डॉक्टरांना खेटून, नाक पडद्याला लावून बघत होत्या. बरगड्या कमानीसारख्या, दोन्ही बाजूंना स्वच्छ उजेड. डॉक्टरांनी श्वास घ्यायला सांगितलं, सोडायला सांगितलं. गणपतशेटांनीच श्वास धरून ठेवला होता. तो कोणी सोडायला सांगेना.

"दोन्ही फुफ्फुसं निर्मळ आहेत," डॉक्टर म्हणाले. "क्षयाचा मागमूस नाही."

गणपतशेटांच्या बाजूनं एक हुंदका ऐकू आला. मी यंत्र बंद केलं.

"आमी बगितलं," आक्का सावकाश म्हणाल्या. "पर गाव कुटं बगतंय? गावात बोभाटा झालाय."

म्हणजे पुन्हा होतं तिथेच. आणि तेव्हा अंधारातून यमुना बोलली. त्या दिवसातलं तिचं पहिलंच बोलणं.

"झालं ना माझं? मग आता त्यांना उभं करा की."

"कुनाला?"

"त्यांना. क्षय काय बायकांनाच होतो? मला बघितलंय, तर मीपण बघणार."

"आगं बया!" आक्का म्हणाल्या. पण बापूशेट खो-खो हसत सुटले. "बराबर बोलतीया! नाऱ्या, ऊठ! माल दोन्ही दुकानाचा बगायचा."

नारायणाला मी हाताला धरून पडद्यामागे नेला. वीज सोडली. पडदा उजळला, रुंद छाती, निर्मळ फुफ्फुसं, आणि मधोमध काळसर सावली, शांतपणे फुगणारी, आक्रसणारी. मघाशी सगळ्यांची नजर फुफ्फुसांवर होती; काळीज चालताना पाहुण्यांपैकी कोणी कधी निरखलं नव्हतं. सगळे पुढे सरकले. आक्कासुद्धा.

"ये पोरी, बघ," डॉक्टर म्हणाले.

बांगड्या किणकिणल्या. यमुना पडद्यापाशी आली, अगदी जवळ, मधे फक्त तो हिरवा उजेड. तिनं आधी एक बाजू पाहिली, मग दुसरी, आणि मग मधली सावली निरखायला ती आणखी पुढे वाकली.

सावली एकदम उसळली. मग धावू लागली. धडधड, धडधड, साऱ्या खोलीदेखत. झाकायला हात नाही, लपवायला अंगरखा नाही, बिचाऱ्याला तोंड फिरवून काही उपयोग नाही. डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा हातात घेतला. मी बटणावरचा हात काढायला विसरलो. आणि आक्का, करकंबच्या आक्का, दोन्ही हात डोक्याला लावून ओरडल्या:

"आरं बापू, मुहूर्त काड लौकर! पोराचं काळीज भाईर पडाय लागलंय की!"